दादाचं पथ्य

तीन महिने इथे काही लिहिलं नाही. तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. वहिनींनी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर सापडल्याशिवाय दुसरं काही लिहावंसं वाटेना.

तर झालं असं. माझ्या पुतण्याला गेल्या वर्षी लिव्हर सिरॉसिसचं निदान झालं. मधुमेह जुना, त्यात यकृतात चरबी साठत गेली आणि त्याचं पुढे हे झालं. औषधांबरोबर आहारतज्ज्ञ बाईंनी एक तक्ता दिला. सकाळी उठल्यावर लगेच काहीतरी खायचं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायचं. डाळ, दूध, पनीर, चालत असेल तर अंडं, हे रोज. रात्री झोपण्याआधी परत खायचं. आणि शेवटी ठळक अक्षरात : उपास करू नये.

वहिनींनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. घडी घालून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "भावजी, मग ह्यांना मी उपाशी मारलं का हो?"

घरच्या मंडळींना ठाऊकच आहे, इतरांसाठी सांगतो. माझा थोरला भाऊ १९८८ साली सिरॉसिसने गेला. वय सत्तेचाळीस. दारूला कधी हात लावला नाही, पण यकृत म्हटलं की लोकांच्या मनात एकच येतं, तेही सोसावं लागलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : डाळी, दूध, अंडी, मटण, शेंगदाणे बंद. मीठ बंद. त्यात शेजारपाजारच्यांनी काविळीचं पथ्य जोडलं : तेल, तूप, हळद बंद, सगळं उकडलेलं. वहिनींनी दोन वर्षं ते अक्षरशः पाळलं. भाताची पेज, उकडलेला दुध्या, साबूदाण्याची लापशी, उसाचा रस. दादा संकष्टी करायचा, तीही सुरूच राहिली, म्हणजे चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही. एकदा त्याने वाटीभर घट्ट वरण मागितलं. वहिनी रडल्या, पण दिलं नाही.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. वैद्यक माझा विषय नाही. पण एखादा नियम कुठून आला, कुणी केला, का केला आणि का मोडला, हे शोधणं माझ्या विषयात बसतं. पुतण्याच्या मुलीने इंटरनेटवरून काढून दिलेले कागद, शब्दकोश आणि ओळखीच्या एका डॉक्टरांची दोन रविवार शिकवणी, एवढ्या भांडवलावर हे लिहितो आहे.

नियमाचा उगम सापडला तो थेट रशियात. १८७७ साली निकोलाय एक नावाच्या तरुण शल्यवैद्याने कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया करून पाहिली. आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर त्याने थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला जोडली. म्हणजे आतड्यातून आलेलं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाणार. आठ कुत्र्यांपैकी एकच अडीच महिने जगला, आणि तोही पळून गेला! प्रयोग तिथेच थांबला.

तो पुढे नेला पाव्हलॉव्हने. घंटा वाजवून कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणणारा तोच हा पाव्हलॉव्ह. सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याने सहकाऱ्यांसह ही शस्त्रक्रिया पुन्हा केली आणि १८९३ साली निष्कर्ष छापले. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांना मांस खाऊ घातलं की ते झोकांड्या खात, चवताळत, दिसेनासं होई, शेवटी बेशुद्ध पडत. दूध-पाव दिलं की बरे राहत. याला नाव पडलं मांसाची विषबाधा. मांसातल्या प्रथिनांपासून शरीरात अमोनिया तयार होतो, यकृत त्याचं निरुपद्रवी युरियात रूपांतर करतं, आणि यकृताला वळसा पडला की तो अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो, असा त्याचा साधारण अर्थ.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. त्या कुत्र्यांची यकृतं मुळात धडधाकट होती. त्यांना सिरॉसिस नव्हता. वळसा माणसाने घातलेला होता.

आता न्यूयॉर्कला जाऊ. १९३० च्या दशकात तिथे आर्थर पाटेक नावाचे डॉक्टर सिरॉसिसच्या रुग्णांवर उपचार करत होते. पोटात पाणी झालं की दिवस भरले, असं तेव्हा मानलं जाई. पाटेक यांनी पाहिलं की ही माणसं नुसती यकृताने आजारी नाहीत, ती उपाशी आहेत. त्यांनी रुग्णांना दूध, अंडी, मांस, भाज्या, फळं असा भरपूर आहार आणि यीस्टमधून ब जीवनसत्त्वं द्यायला सुरुवात केली. १९४१ साली जोसेफ पोस्ट यांच्याबरोबर त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधीच्या रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहता हे रुग्ण जास्त काळ जगले होते, काहींच्या पोटातलं पाणीही ओसरलं होतं. कडक प्रथिनबंदीची लाट येण्याच्या दहा-बारा वर्षं आधीची ही गोष्ट.

पाटेक यांच्या कामात एक कच्चा दुवा होता. रुग्णालयात राहून त्यांच्या रुग्णांची दारूही सुटत होती, त्यामुळे श्रेय आहाराचं किती आणि दारू सुटण्याचं किती हे वेगळं काढता येईना. पुढे न्यूयॉर्कच्याच चार्ल्स लीबर यांनी १९७० च्या दशकात बबून माकडांवर प्रयोग करून दाखवलं की आहार चांगला असला तरी दारू यकृत बिघडवतेच. ते बरोबरच होतं. पण आजार कशामुळे होतो हा एक प्रश्न आणि आजार झालेल्या माणसाला काय खायला घालायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष झालं.

त्याच सुमारास अमोनियाची बाजू जड होत गेली. १९५२ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी नोंदवलं की सिरॉसिसच्या काही रुग्णांना अमोनिया सोडणारी औषधं दिली की ते भ्रमिष्टासारखे वागू लागतात आणि बंद केली की सावरतात. १९५४ साली लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचं बारकाईने वर्णन केलं. हात थरथरतात, अक्षर बिघडतं, दिवसा झोप येते आणि रात्री जाग, मग भ्रम आणि बेशुद्धी. आहारातली प्रथिनं कमी केली की त्यातले काही सुधारत.

शेरलॉकबाई फार मोठ्या. १९५९ साली त्या ब्रिटनमधल्या वैद्यकशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. १९५५ साली निघालेलं त्यांचं यकृतरोगांवरचं पुस्तक जगभर वापरलं गेलं. त्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. ज्यांच्या शरीरात रक्ताचा वळसा मोठा होता, अशा रुग्णांना त्या काळी प्रथिनं खरोखर सोसत नव्हती. शिवाय अमोनिया उतरवणारी चांगली औषधंही फारशी नव्हती. आज सर्रास दिलं जाणारं लॅक्ट्युलोजचं पातळ औषध या आजारात पहिल्यांदा वापरलं गेलं ते १९६६ साली.

पण नियमांचं कसं असतं ते आम्हा शिक्षकांना चांगलं माहीत आहे. एका वर्गातल्या चार पोरांसाठी केलेला नियम पुढच्या वर्षी सगळ्या शाळेला लागू होतो, आणि दहा वर्षांनी तो का केला होता हे कुणालाच आठवत नाही. तसंच झालं. मोजक्या रुग्णांना, मोजके दिवस द्यायचं पथ्य हळूहळू सगळ्या रुग्णांना, कायमचं दिलं जाऊ लागलं. दिवसाला वीस ग्रॅम प्रथिनं, फार तर चाळीस. लॅक्ट्युलोज आलं तरी पथ्य गेलं नाही. दादाची चिठ्ठी ही अशी, सेंट पीटर्सबर्गहून निघून बोस्टन आणि लंडनमार्गे आमच्या घरी आली होती.

या शोधात मला सगळ्यात चटका लावून गेली ती एका यादीची गोष्ट. १९६४ साली अमेरिकेत मिशिगनच्या चाइल्ड आणि टर्कॉट या दोन शल्यवैद्यांनी सिरॉसिसचा रुग्ण किती गंभीर आहे हे ठरवायला पाच गोष्टींची यादी केली. काविळीचं प्रमाण, रक्तातलं अल्ब्युमिन, पोटातलं पाणी, मेंदूवरचा परिणाम, आणि पाचवी : रुग्णाचं पोषण. उत्तम, बरं की खंगलेला. १९७३ साली लंडनच्या प्यू आणि सहकाऱ्यांनी ती यादी सुधारली. त्यांनी पोषण काढून टाकलं आणि त्या जागी रक्त गोठायला लागणारा वेळ घातला. कारण समजण्यासारखं आहे. रक्ताची तपासणी आकडा देते, आणि 'खंगलेला' हे ज्याच्या त्याच्या नजरेवर अवलंबून असतं. ही सुधारलेली यादी आजही जगभर वापरतात. २००० च्या सुमारास अमेरिकेत मेल्ड नावाची नवी गुणपद्धत आली, आणि पुढे यकृतरोपणाच्या रांगेत कोण पुढे हे तिच्यावरून ठरू लागलं. तिच्यात आपल्या बंगळुरात शिकलेल्या डॉ. पॅट्रिक कामत यांचा मोठा वाटा आहे. त्यातही पोषणाला जागा नव्हती. जे मोजता येत नाही ते कागदावरून जातं, आणि कागदावरून गेलं की नजरेतूनही जातं. परीक्षेच्या गुणांबद्दल मी हे शिक्षकांच्या खोलीत किती वेळा बोललो असेन!

दादाचं खंगणं आमच्या डोळ्यांसमोर होतं. तरी वहिनी म्हणायच्या, "वजन तेवढंच आहे हो." ते खरंही होतं, कारण पोटात पाणी वाढत होतं. हाता-मांड्यांचं मांस झडत होतं आणि काटा तिथल्या तिथे. त्याचं एच.एम.टी.चं घड्याळ आधी मनगटावर सैल झालं, मग पट्ट्याला नवीन भोक पाडलं, शेवटी ते कोपरापर्यंत वर सरकायचं. आज डॉक्टर अशा रुग्णाच्या मुठीची ताकद मोजतात, खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगतात, पोटाच्या सी.टी. स्कॅनवर कमरेच्या पातळीवरचा स्नायू मोजतात. कॅनडात एडमंटनच्या डॉक्टरांनी २०१२ साली असं मोजून दाखवलं. ज्यांचे स्नायू झडले होते ते सिरॉसिसचे रुग्ण मध्यमानाने सुमारे १९ महिने जगले, ज्यांचे शाबूत होते ते ३४ महिने. त्याआधी १९९६ साली इटलीतल्या हजाराहून जास्त रुग्णांच्या अभ्यासातही खंगलेल्यांचं आयुष्य कमी दिसलं होतं. जंतुसंसर्ग, पोटातलं पाणी, शस्त्रक्रियेनंतरचा त्रास, सगळंच खंगलेल्या माणसाला जास्त.

असं का होतं, ते डॉक्टरांनी मला समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत सांगतो. यकृत ही शरीराची कणगी आहे. दिवसा खाल्लेल्यातलं काही ते साठवतं आणि रात्री थोडं थोडं काढून देतं, म्हणून आपण रात्रभर न खाता झोपू शकतो. सिरॉसिसमध्ये कणगीच आक्रसते. रात्री मधेच धान्य संपतं. मग शरीर काय करतं? चूल विझू नये म्हणून घराचे वासे काढून जाळतं. हे वासे म्हणजे स्नायू. अमेरिकेतल्या ओवेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली हे मोजून पाहिलं. धडधाकट माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर त्याच्या शरीरात जे चालतं, ते सिरॉसिसच्या रुग्णात एका रात्रीच्या उपासाने होतं. म्हणजे रोजची रात्र हाच निर्जळी उपास! १९८९ साली हॉलंडच्या डॉक्टरांनी दाखवलं की रात्री उशिरा थोडं खाल्लं की ही झीज कमी होते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या रुग्णांना वर्षभर रात्री जास्तीचा आहार देऊन पाहिला (२००८), तर त्यांचं सुमारे दोन किलो मांस भरून आलं. तेवढंच दिवसा दिलं तर तो फायदा झाला नाही.

आणि आता यातली सगळ्यात कडू गोष्ट. यकृत थकलं की अमोनिया पकडून निकामी करण्याचं काम बऱ्याच अंशी कोण करतं? स्नायू. म्हणजे अमोनिया वाढू नये म्हणून प्रथिनं तोडायची, प्रथिनं तोडली की स्नायू झडायचे, आणि स्नायू झडले की अमोनिया वाढायचा. वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाल्कनीत जाऊन बसलो.

नियम मोडायला वेळ लागला. १९९७ साली युरोपातल्या पोषणतज्ज्ञांनी स्पष्ट लिहिलं की सिरॉसिसच्या रुग्णांना उलट जास्त प्रथिनं लागतात. २००४ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी थेट परीक्षाच घेतली. भ्रमाच्या अवस्थेत दाखल झालेल्या ३० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाची प्रथिनं तोडली, दुसऱ्याला पुरेशी दिली. शुद्धीवर येण्यात फरक पडला नाही. प्रथिनं तोडलेल्यांचं शरीर मात्र जास्त झिजलं. एकशे अकरा वर्षं चाललेला नियम, आणि त्याला उत्तर द्यायला तीस माणसं पुरली.

आपल्याकडेही काम झालं आहे. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात १२० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. या सगळ्यांच्या मेंदूवर आजाराचा सौम्य, चाचणीतच कळेल असा परिणाम होता. निम्म्यांना सहा महिने भरपूर उष्मांक आणि वनस्पतींमधली पुरेशी प्रथिनं दिली, बाकीचे नेहमीच्या आहारावर. पहिल्या गटात सुमारे ७१ टक्के रुग्णांचा तो परिणाम नाहीसा झाला, दुसऱ्यात सुमारे २३ टक्के. वनस्पतींमधली प्रथिनं म्हणजे आपली डाळ. म्हणजे वरण.

२०१९ च्या युरोपीय मार्गदर्शनात वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि निदान ३५ उष्मांक सांगितले आहेत. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. दादाच्या पेजेत आणि दुध्यात किती असतील, त्याचा हिशेब मी केला नाही. मिठाबद्दलही आता म्हणतात, की पोटात पाणी असेल तर कमी करा, पण इतकं नको की घास उतरणार नाही. (चरकसंहितेत जलोदराचं पाणी काढल्यावर सहा महिने दुधावर ठेवायला सांगितलं आहे. त्यावरून आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं असा अर्थ कुणी काढू नये, पण दूध बंद करा असं तरी ते म्हणत नव्हते!)

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं. उत्तर 'हो' असं देता येत नाही आणि 'नाही' म्हणून मोकळंही होता येत नाही. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही जे केलं ते त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांच्या पुस्तकात होतं. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली तेव्हा कुठे युरोपातल्या तज्ज्ञांनी ते बदलायला सांगितलं. आपल्या देशात पहिलं यशस्वी यकृतरोपण १९९८ साली झालं, म्हणजे दादाला तोही रस्ता नव्हता. तुम्ही त्याला वरण दिलं असतं तरी तो वाचला असता असं मला वाटत नाही." मग थोडं थांबून पुढचंही सांगितलं, कारण त्या लेचापेचा दिलासा मागत नव्हत्या. "पण काही महिने कदाचित जास्त मिळाले असते. आणि अंगात थोडी ताकद राहिली असती."

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वरण मागितलं होतं त्यांनी."

"हो."

"मी त्यांना वाचवायला नाही म्हटलं होतं."

"ते त्यालाही माहीत होतं, वहिनी."

त्या उठून आत गेल्या. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पुतण्या जेवून टी.व्ही. पाहत होता. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. थोड्या वेळाने त्या वाटीभर घट्ट वरण, वर तुपाची धार, आणि दोन घास भात घेऊन आल्या आणि त्याच्या समोर ठेवलं. तो म्हणाला, "आई, आत्ताच जेवलोय." त्या म्हणाल्या, "तक्त्यात लिहिलंय. खा."

त्याने खाल्लं. वहिनी वाटी रिकामी होईपर्यंत तिथेच बसून होत्या.

असो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर माझ्या लेखावरून आहार ठरवू नका. प्रत्येकाची स्थिती वेगळी असते. पण घरात दादासारखी एखादी जुनी चिठ्ठी अजून पाळली जात असेल, तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, हे अजून बरोबर आहे का? आम्ही कधी विचारलं नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.